ओले खिळे

१

मला फसवील असा माणूस अजून जन्माला आलेला नाही. बायको सोडून. आणि मेव्हणा. सूनबाई तर घरात पाऊल टाकल्यापासून रोज एकदा फसवते, पण तिचं ते कामच आहे, कॉलेजात मानसशास्त्र शिकवते ती. तर हे तिघे आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला वगळले, की बाकीच्या जगात मला फसवणारा कुणी नाही. पुढे ऐका.

माझा धंदा सोफे-खुर्च्या मढवण्याचा. खाली दुकान, वर घर, मध्ये अरुंद लाकडी जिना. फाटलेलं रेक्झिन सोलून काढायचं, बसलेल्या स्प्रिंगा उठवायच्या, नवा फोम घालायचा, नवं कापड ताणायचं आणि कडेनं बारीक खिळे मारत जायचं. खिळे आम्ही तोंडात धरतो. मूठभर खिळे गालात, जिभेनं एकेक ओठांवर आणायचा, हातोडीच्या टोकाला लोहचुंबक असतं त्याला चिकटवायचा, की ठोकला. शिकताना दोन-चार पोटात जातात. माझे कुठे गेले याची मी अजून चौकशी केलेली नाही.

मी डावखुरा. त्यामुळे माझी गाठ उलटी पडते. आणि माझा ठोका ठरलेला, दोन हलके आणि एक जोरात. टक टक ठाक. बायको म्हणते, डोळे बांधून सोडलं तरी या आवाजावर मी घरी येईन, आणि त्याच आवाजानं परत जाईन.

शाळा अर्धीच झाली, पण त्या अर्ध्यात मावेल तेवढा त्रास मी सगळ्यांना दिला. तो हात अजून गेलेला नाही. मुलगा कामासाठी परगावी असतो, म्हणून तो सुटला. घरात राहिलेल्यांना सुटका नाही. आणि त्यातलं माझं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक म्हणजे मेव्हणा.

हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. जन्मभर ग्रंथालयात नोकरी केली, लग्न केलं नाही, निवृत्त झाला, कंबरेचं हाड मोडून घेतलं आणि आमच्याकडे राहायला आला. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, पुन्हा पडला तर उठायचा नाही. आणि हे गृहस्थ दुपारी काय करतात? जिन्याच्या अगदी माथ्यावर, जिथे छताच्या काचेतून उजेड पडतो, तिथे आपली लाकडी खुर्ची मांडतात. पाठ जिन्याकडे. पाय समोरच्या भिंतीला. खुर्ची मागच्या दोन पायांवर कलती. आणि वाचत बसतात.

"पडशील रे," मी म्हणायचो.

"ठरलेलं असेल तर पडेन, भावोजी," तो पान उलटत म्हणायचा.

हे 'ठरलेलं' त्या दोघांचं, म्हणजे त्याचं आणि सूनबाईचं, नवीन खूळ होतं. ती कॉलेजातली एक खुर्ची टेम्पोत घालून घेऊन आली तेव्हापासून ते घरात शिरलं.

"बाबा, आमच्या प्रयोगाच्या खोलीतली आहे ही. रेक्झिन पार गेलंय. मुलं हिच्यात बसून बटण दाबतात."

"बसून बटण दाबायला कॉलेज लागतं?"

"मनाला येईल तेव्हा दाबायचं असतं. डोक्याला तारा लावलेल्या असतात. गंमत अशी, की माणूस म्हणतो मी आत्ता ठरवलं, पण त्याच्या जरा आधीच डोक्यात हालचाल सुरू झालेली दिसते."

"म्हणजे काय?"

मेव्हणा ताटावरून मान न उचलता म्हणाला, "म्हणजे तुम्ही ठरवत नाही, भावोजी. वर ठरतं, मग तुम्हाला कळवतात."

"मला कोण कळवणार? मी स्वतः काही ठरवलं तर बायकोलासुद्धा कळवत नाही."

"तेच तर," बायको म्हणाली.

सूनबाई म्हणाली, त्यांच्या विषयात यावर दोन तट आहेत. एक म्हणतो माणूस स्वतःचा मालक. दुसरा म्हणतो आईबाप, लहानपण, सवयी आणि डोक्यातली रसायनं यांनी मिळून सगळं आधीच उरकलेलं असतं, माणूस नुसता खाली सही करतो.

"खुळेपणा आहे," मी म्हणालो. "मी पुढच्या मिनिटाला काय करीन ते मला माहीत नसतं, तर माझ्या रसायनांना काय कपाळ माहीत असणार?"

दोघं एकमेकांकडे बघून हसले. नंतर जिना उतरताना माझ्या लक्षात आलं, मी त्यांच्याच बाजूनं बोललो होतो.

२

स्प्रिंगा कितपत दम धरून आहेत हे बघायला मी त्या खुर्चीत बसलो. बरी होती. हात टेकायच्या जागी, बटणं दाबणाऱ्यांच्या तळव्यांनी, लाकूड गुळगुळीत झालेलं. बसल्या बसल्या डोक्यात आलं, मेव्हण्याच्या दोन्ही चपला टाचेशी एकमेकींना शिवून टाकाव्यात. आंघोळीहून येईल, पाय घालील, आणि बदकासारखा उभा राहील. पडणार नाही, चपला पलंगाला टेकूनच घालतो तो. एवढं मी बघतो.

वाकडी सुई घेतली, दोऱ्याला मेण लावलं, वर गेलो. न्हाणीघरात नळ वाहत होता. पलंगाखालून चपला ओढल्या.

शिवलेल्या होत्या.

टाचेशी, मेणाच्या दोऱ्यानं. गाठ उलटी. माझी गाठ. माझ्या हातातल्या सुईत दोरा अजून ओवलेलासुद्धा नव्हता.

आधी हसू आलं. म्हटलं, सकाळीच करून गेलास की काय म्हाताऱ्या, आणि विसरलास? वयाला मान द्यावा, तसा मी त्या विसरण्याला दिला. मेव्हणा आला, पाय घातले, बदक झाला, मला शिव्या दिल्या. सगळं यथासांग झालं. फक्त शिव्या खाताना नेहमी जे सुख होतं ते झालं नाही. दुसऱ्याच्या लग्नात आहेर घेतल्यासारखं वाटलं.

मग बायकोच्या पिशवीचं तोंड. शिवायचा विचार आला, पिशवी हातात घेतली, तर तोंड शिवलेलं. बायको ओरडली, "अहो, वय काय तुमचं?" मी म्हणालो, "मी नाही केलं." ती म्हणाली, "हो, माझ्या आईनं केलं." तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली.

जन्मभर खोड्या काढणाऱ्याची हीच पंचाईत. एकदाच खरं बोलायची पाळी येते, आणि घरातलं भांडंसुद्धा विश्वास ठेवत नाही.

३

दुपारचं जेवण झालं की आमच्याकडे सगळं घर आडवं होतं. एक मेव्हणा तेवढा जिन्याच्या माथ्यावर कलता. त्या दिवशी जेवताना माझ्या मनात आलं होतं की दातांच्या डॉक्टरांचा सोफा आलाय, त्याच्या बैठकीत एक शिट्टी बसवून द्यावी. पेशंट बसला की सूं करून वाजेल, आणि डॉक्टरांना वाटेल पेशंटच घाबरून शिट्टी वाजवतोय. झोप झाली की करू, असं म्हणून मी बायकोशेजारी पाठ टेकली.

पडदा हलत होता. पंख्याचं एक पातं घासत होतं. डोळा लागतोय न लागतोय, तेवढ्यात खालून आवाज आला.

टक टक ठाक.

टक टक ठाक.

मी डोळे उघडले नाहीत. आपला आवाज ओळखीचा असतो, त्यात नवल वाटायला वेळ लागतो. मला वाटलं, चला, काम चाललंय. मी इथे पलंगावर आहे, हे नंतर आठवलं.

आणि शेजारी बायको, झोपेतच, तोंडावर पदर ओढून पुटपुटली, "दुपारी तरी ठोकू नका हो."

माझा हात तिच्या उशीजवळ होता. तिच्या केसांना लागत होता.

मी तिला उठवलं नाही. काय सांगणार होतो? मी जिना उतरलो. मेव्हण्याच्या खुर्चीमागून अंग चोरून जावं लागतं, तो म्हणाला, "कधी वर आलात हो? आत्ता तर खाली ठोकत होतात." मी खाली पाय टाकला. पायरी करकरली आणि खालचा आवाज थांबला.

दुकानात कुणी नव्हतं. शटर अर्धं ओढलेलं, मी ओढलं होतं तसंच. रस्त्यावर एक कुत्रं पाय पसरून पडलेलं. कॉलेजची खुर्ची मी भिंतीशी लावून ठेवली होती, ती सोफ्याकडे तोंड करून होती, कुणी बसून बघत असावं तशी. सोफ्याची बैठक बंद, कापड ताणलेलं, कडेचे खिळे एका रांगेत. सकाळी ती बैठक उघडी टाकून मी जेवायला गेलो होतो.

मी बसलो. सूं.

खाली फरशीवर एक खिळा पडला होता. उचलला, तर ओला. थुंकीनं ओला. जेवून उठल्यावर मी चूळ भरली होती, आणि दुपारच्या त्या उन्हाळी दुकानात थुंकी किती वेळ टिकणार? मी तो खिळा अंगठ्यावर पुसला. कोमट होता.

खरं सांगतो, आता हे सांगताना हसू येतंय. तेव्हा मी रस्त्यावर जाऊन कुत्र्याशेजारी उभा राहिलो. बरं वाटलं. कुत्रंही काही म्हणालं नाही.

४

संध्याकाळी सूनबाईला एकटीला गाठलं. ती पेपर तपासत होती. मी गंमत म्हणून सांगतोय असं दाखवत सगळं सांगितलं. ती हसली नाही, तेव्हा मी घाबरलो.

"बाबा, आज वार कोणता?"

"तुझ्या सासूनं मला शिव्या दिल्या तो."

"काल जेवायला काय होतं?"

मी सांगितलं. मीठ कमी होतं तेही सांगितलं. आमच्या घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस, तिच्या लग्नात तिच्या काकानं घातलेला विनोदी कोट, दातांच्या डॉक्टरांना सोफा द्यायची तारीख, सगळं बिनचूक. ती विचारात पडली.

"विसरणं तर दिसत नाही," ती म्हणाली. "कधी कधी हात सवयीनं काम करून जातात आणि मनाला पत्ता नसतो."

"हात सवयीनं करतील, पण पोरी, हात माझ्याबरोबर पलंगावर होते."

"आईंनी झोपेत ऐकलं."

"आणि मामांनी? ते तर टक्क जागे होते."

तिनं पेपर बाजूला ठेवला. पेनचं टोपण उघडत होती, लावत होती. मग म्हणाली, "आमच्यातले काही लोक असं म्हणतात, बाबा, की विचार येतो तो आपण आणत नाही. तो येतोच. हालचालसुद्धा सुरू होऊन जाते. पण प्रत्यक्ष होण्याआधी एक फट असते. त्या फटीत माणसाला 'नको' म्हणता येतं. ते म्हणतात, आपलं असं काही असेल तर तेवढंच."

"केवढी असते ही फट?"

"पापणी लवते तेवढी."

"तेवढ्यात मला चष्मासुद्धा सापडत नाही."

ती हसली, आणि मीही हसून उठलो. पण दारातून तिनं हाक मारली. "बाबा, सध्या जरा... नको ते मनात आणू नका."

हे म्हणजे, पांढऱ्या मांजराचा विचार करू नका म्हणण्यासारखं झालं. मनात आणायचं नाही म्हटलं, की मन पिशवी घेऊन बाजारालाच निघतं.

५

आणि ते आलंच.

रविवारी सगळे जेवायला बसलो होतो. मी काहीतरी फुशारकी मारली, माझ्या मर्जीशिवाय माझं बोटही हलत नाही वगैरे. खरं तर ती मी स्वतःला धीर द्यायला मारत होतो. मेव्हण्यानं पाणी प्यायलं, भांडं खाली ठेवलं आणि म्हणाला, "भावोजी, तुम्ही चावीचं माकड आहात. टाळ्या छान वाजवता. चावी कुणी दिली तेवढं शोधायचं राहिलंय."

सगळे हसले. बायको तर डोळे पुसून हसली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सहसा झोंबत नाहीत, पण त्या दिवशी झोंबल्या, कारण तो चुकत नव्हता अशी मला भीती होती.

हात धुऊन खाली निघालो. तो अजून जेवत होता, जिन्याच्या माथ्यावर खुर्ची रिकामी. मी जाता जाता तिच्याकडे बघितलं. मागच्या दोन पायांना एकेक जाड स्क्रू आहे, मीच बसवलेले. ते सैल करून नुसते अडकवून ठेवले, तर कलल्याबरोबर पाय फाकतील आणि हा बोलका पोपट पाठीवर, डोकं खाली, थेट दुकानात.

मी हा विचार केला नाही. शिंक येते तसा तो आला, संपूर्ण, स्क्रूच्या आट्यांसकट. आणि शिंक आल्यावर माणूस नाक पुसतो, तसा मी कपाळावरचा घाम पुसत तिथेच उभा राहिलो. कारण गेले काही दिवस माझ्या मनात जे जे येत होतं, ते ते मी पोचायच्या आत झालेलं असायचं.

वाकून बघितलं. स्क्रू घट्ट होते. अजून.

दुकानातले सगळे पेचकस, लहानमोठे, एका पिशवीत भरले आणि बायकोकडे दिले. "कपाटात ठेव. कुलूप लाव. किल्ली स्वतःजवळ ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस."

"तुम्ही मागितलेलं मी कधी दिलंय?" ती म्हणाली, पण ठेवलं.

मग मेव्हण्याकडे गेलो. "हे बघ, तू उद्यापासून सोफ्यावर बसत जा. मऊ आहे. कंबरेला बरं."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "काय लावलंय सोफ्यात?"

"काही नाही लावलं! शपथ घेतो."

"शपथ? मग नक्कीच लावलंय. मी माझ्या खुर्चीतच बरा."

"ती खुर्ची बरी नाही रे."

"आत्तापर्यंत बरी होती. आज तुम्हाला मी तिच्यातून उठायला हवाय, म्हणजे जगात तीच एक सुरक्षित खुर्ची आहे."

दुसऱ्या दिवशी मी ती खुर्ची गुपचूप उचलून दुकानात नेली. त्यानं घर डोक्यावर घेतलं. मी म्हणालो, मढवून देतो. तो म्हणाला, "सबंध लाकडाची खुर्ची आहे, कशाला मढवता, थंडी वाजते का तिला?" बायकोनं मला ती परत वर चढवायला लावली. चढवताना दर पायरीला मला वाटत होतं, मी याची तिरडी चढवतोय.

एक उपाय उरला. पहारा. दुपारी सगळे आडवे झाले की मी जिन्यात, मधल्या पायरीवर बसायला लागलो. वर मेव्हण्याची पाठ, खाली दुकान. वरून तो म्हणायचा, "भावोजी, प्रेम ऊतू चाललंय." मी म्हणायचो, "वाच गुपचूप." मधूनमधून मागच्या पायांचे स्क्रू अंगठ्यानं चाचपून यायचो. त्याला वाटायचं मी गुदगुल्या करायला येतोय. काठी उगारायचा.

६

त्या दुपारी बायको शेजारी गेली होती, सूनबाई कॉलेजात. मेव्हणा पुस्तक खुर्चीवर पालथं टाकून न्हाणीघरात गेला. नळ सुरू झाला. मी मधल्या पायरीवर, भिंतीला डोकं टेकून. डोळा लागला असेल, नसेल. शपथ घेत नाही, माझ्या शपथेची किंमत तुम्ही ऐकलीत.

कुर्र.

हातोडीचा आवाज नव्हता हा. कोरड्या लाकडातून स्क्रू फिरतो, तो आवाज.

कुर्र. थांबून. कुर्र.

मला वर बघायचं नव्हतं. नळ वाहत होता, म्हणजे तो आत आहे, म्हणजे वर कुणी नाही, असा हिशेब मी केला. अर्ध्या शाळेत एवढा हिशेब शिकवतात. मग मी वर बघितलं.

छताच्या काचेतून ऊन सरळ खाली पडत होतं. खुर्चीच्या मागे, माझ्याकडे पाठ करून, वरच्याच पायरीवर कुणीतरी ओणवं झालं होतं. खाकी अॅप्रन, पाठीवर नाडीची उलटी गाठ. डोक्याच्या मागच्या बाजूला टक्कल. ते टक्कल मी एकाच ठिकाणी बघितलंय, न्हाव्याच्या दुकानात, तो मागून दुसरा आरसा धरतो तेव्हा. डावा कोपर हलत होता. कुर्र.

ओरडावं असं वाटलं, पण जीभ जड. गालात काहीतरी असल्यासारखी. आणि तेव्हा मला माझा स्वतःचा डावा हात दिसला. गुडघ्यावर होता, रिकामा. आणि मनगट फिरत होतं. वर आवाज झाला की माझं मनगट फिरायचं. की मनगट फिरलं की आवाज व्हायचा, ते मला कळेना. चार बोटं मिटलेली, मुठीत काही नाही, आणि तरी त्या काही-नसण्याचं वजन हाताला कळत होतं. स्क्रू मोकळा होत आला की हाताला एक हलकेपणा येतो, आमच्या धंद्यातला माणूस तो झोपेतही ओळखतो. तो यायला लागला होता.

न्हाणीघरातला नळ बंद झाला.

मी म्हणालो, "नको."

मोठ्यानं नाही. शेजारी झोपलेल्याला जाग येऊ नये, तसं म्हणालो. मनगट थांबलं. वरचा आवाज थांबला. आधी काय थांबलं, ते सूनबाईच्या तारांनी शोधून काढावं, माझ्याकडे तारा नव्हत्या.

मग ते डोकं वळायला लागलं. सावकाश. आधी कान दिसला. कानावर माझी पेन्सिल होती.

मी डोळे मिटले. गच्च मिटले. शूर लोकांनी उघडे ठेवावेत.

वरची पायरी करकरली. तिच्या खालची. तिच्याही खालची. डिंकाचा आणि काथ्याचा वास आला, जो माझ्या अंगाला येतो असं बायको म्हणते आणि मला कधी आला नव्हता. माझ्या खांद्याला काहीतरी घासून गेलं, अरुंद जिन्यात उतरणारा माणूस घासतो तेवढंच, जरासं अंग चोरून. मग खाली दुकानात कुणीतरी तोंडातला उरलेला खिळा पत्र्याच्या वाटीत थुंकला. टिण्.

पुढे काही नाही. रस्त्यावर कुत्रं भुंकलं. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

७

डोळे उघडले. खुर्ची होती, पुस्तक पालथं होतं. उजव्या पायाचा स्क्रू अर्धा बाहेर आलेला. डाव्याला हात लागलेला नव्हता. पायरीवर पेचकस. त्याची मूठ उबदार.

न्हाणीघराची कडी वाजली. डाव्या हातानं पेचकस उचलायची माझी हिंमत झाली नाही. उजव्यानं उचलला, नवशिक्यासारखा, दोनदा घसरला, तिसऱ्यांदा खाचेत बसला. पिळला, पिळला, घट्ट केला. आणि वर बघतो तर मेव्हणा टॉवेल खांद्यावर टाकून, काठी टेकत, माझ्याकडे बघत उभा.

"सापडलात!" तो ओरडला. "माझ्याच खुर्चीला! रंगेहाथ!"

मी उठून त्याला मिठी मारली. ओल्या केसांसकट. तो इतका घाबरला, की शिव्या द्यायच्या विसरला. मला वाटतं त्या घरात त्या दुपारी सगळ्यात जास्त घाबरला असेल तर तो त्या मिठीला.

संध्याकाळी बायकोनं कपाट उघडलं. कुलूप जागेवर, किल्ली तिच्याजवळ, पिशवी आत, पिशवीत एक पेचकस कमी. ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "चहा टाक." तिनं टाकला. संसार असाच चालतो.

त्यानंतर ठोकाठोक नाही. कॉलेजच्या खुर्चीला नवं रेक्झिन घालून सूनबाईला परत दिली. तिनं विचारलं, "स्प्रिंगा बघितल्यात का बसून?" मी म्हणालो, "तुमचे कॉलेजातले साहेब बघतील." या सगळ्याचा त्या खुर्चीशी काही संबंध होता की नव्हता, मला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घ्यायची हौसही नाही. आठवडाभरानं मनात आलं, चपला शिवाव्यात. छाती धडधडत वर गेलो. पलंगाखालून ओढल्या. सुट्या होत्या! एकीकडे एक, दुसरीकडे दुसरी, कुणी हात लावलेला नाही. माझा जीव असा भांड्यात पडला म्हणता. तिथेच जमिनीवर बसून, गाणं गुणगुणत, मी त्या स्वतःच्या हातांनी शिवल्या. एवढ्या प्रेमानं मी दातांच्या डॉक्टरांचा सोफाही शिवला नसेल.

आणि त्या आनंदात मी मेव्हण्याला सगळं सांगून टाकलं. अथपासून इतिपर्यंत. तो त्याच्या खुर्चीत होता, पण चारही पाय जमिनीवर, आणि जिन्यापासून चांगला लांब, भिंतीच्या कडेला. ते त्यानं मिठीनंतरच करून टाकलं होतं, कारण विचारलं तर सांगत नव्हता. त्यानं सगळं ऐकलं, मध्ये बोलला नाही. हे त्याच्या बाबतीत त्या सगळ्या प्रकाराइतकंच आक्रीत.

शेवटी मी छाती पुढे काढली. "तर काय! तुमचे ते ठरलेलं म्हणणारे पंडित गेले खड्ड्यात. ठरलेलं सगळं तयार होतं, स्क्रू अर्धा बाहेर आला होता, आणि मी नको म्हणालो. मी! माझ्या मर्जीनं! तू आज पुस्तक वाचतोयस ते या म्हाताऱ्याच्या एका शब्दावर. आता बोल, चावीचं माकड कोण?"

त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. माझ्या खांद्यावरून एकदा जिन्याकडे बघितलं.

"नको म्हणालात ते तुम्ही, भावोजी, हे मला पटलं. उपकार झाले. आता फक्त एवढं सांगा, माझ्या खुर्चीचे स्क्रू काढावेत असं ज्याच्या मनात आलं, तो कोण होता?"